ड्रमशिवायचं गाणं

कॉलेजपासून मी जुन्या रॉकचा भक्त. ज्या गाण्यात लांबलचक गिटार सोलो नाही आणि ज्यावर शेजारी तक्रार करत नाहीत, ते माझ्या लेखी अंगाईगीत. पुण्याजवळच्या मांजरी गावचा एक सहकारी मला गाडीतून खराडीच्या ऑफिसात न्यायचा. एकदा त्याने कुणा अमेरिकन गायकाचं गाणं लावलं. एक गिटार आणि एक घोगरा आवाज, बस्स.

"याचा ड्रमवाला रजेवर आहे का?" मी विचारलं.

"शब्द ऐका की जरा."

फुकटची गाडी होती, ऐकले. गाणाऱ्याच्या बापाने मक्याचं शेत विकलं होतं आणि आता तो रोज संध्याकाळी तिथे झालेल्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहायचा.

"आमचे आबा बी तेच करतात," सहकारी म्हणाला. "उसाच्या जागी टॉवर झालाय. वॉचमन हाकलतो, ते परत जातात."

सैतान, वादळं आणि मोटरसायकलींवरची गाणी मला तोंडपाठ होती. त्यांत कुणाचेही वडील नव्हते.

घरी येऊन मी तसलीच गाणी शोधून ऐकत बसलो. बायको थोडा वेळ दारात उभी राहिली.

"चला," ती म्हणाली, "गाता येणारा माणूस सापडला म्हणायचा तुला एकदाचा."