दहा मिनिटं खुर्चीत

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बीएस्सी झाल्यावर उत्तेजक चाचणीसाठी खेळाडूंचं रक्त घ्यायचं काम मिळालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पहिल्यांदा एकटा गेलो तो घणसोली गावात, मावशीकडे राहणाऱ्या एका व्यावसायिक सायकलपटूकडे. अशा खेळाडूंचं रक्त वर्षानुवर्षं, न कळवता, अधूनमधून घेतात आणि त्यातल्या पेशींचे आकडे त्यांच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पाहतात. आकडे उगाच उसळले, की संशय. मी पोचलो सकाळी सव्वासहाला. सातला त्याची शर्यतीला जायची गाडी. नमुना न देता निघाला असता, तर चाचणी टाळल्याचा ठपका बसून त्याचं खेळणंच थांबलं असतं.

नियम साधा. सुईआधी दहा मिनिटं पाय टेकवून खुर्चीत बसायचं. उभं राहिलं की रक्त दाट होतं आणि आकडे फसवतात. म्हणून उठला, की घड्याळ पुन्हा शून्यावर.

चौथ्या मिनिटाला मावशी देवपूजा आटोपून बाहेर आल्या. तो उठला, पाया पडला. पुन्हा बसवलं. नवव्या मिनिटाला एपीएमसी बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवून त्याचे मामा आले. हा परत उभा.

"उठू नका म्हटलं ना?"

"मामा आहेत, सर."

मावशींनी विचारलं, "थोरल्यांच्या पाया पडलं की रगत बिघडतं व्हय?"

"पाया पडल्यानं नाही, उठल्यानं."

"मग न उठता पडायचं कसं?"

याचं उत्तर नियमावलीत नव्हतं. त्याला पुन्हा बसवलं. पाच मिनिटं सरली आणि जिन्यात चपला वाजल्या. त्याला निरोप द्यायला मामांचे चार सोबती येत होते. सायकलपटूचे गुडघे हलले. मी त्याचे खांदे दाबले.

"बसा. तुमच्या वतीनं मी पडतो."

आणि ओळीनं चौघांच्या पाया पडलो.

"ह्यो कोन?" पहिल्यानं विचारलं.

"तपासनीवाला हाय," मामा म्हणाले. "आपल्या पोराच्या जागी पडतोय."

"आसं असतंय व्हय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पयला ये. उताराला बिरेक जपून दाब."

मी हो म्हणालो. हात धुतले, हातमोजे चढवले, आणि दहा मिनिटं भरताच रक्त घेतलं. नळ्या सीलबंद केल्या, त्याची सही घेतली. सातला पाच कमी होते.

तो खुर्चीतून उठला आणि सवयीनं थेट पहिल्या पाहुण्याकडे वाकला.

"आमचं झालंय," ते पाय मागे घेत म्हणाले. "साहेब पडले. तू पळ, गाडी जाईल."