सॉनाबाहेरची खुर्ची

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. चार वर्षं पोटात ठेवलं — आणि गेल्या रविवारी एकदाचं सांगून टाकल्यावर रात्री भात दुसऱ्यांदा मागून घेतला. तुम्हाला हसू येईल. पण किती दिवसांनी अन्नाला चव लागली म्हणून सांगू?

आमचे अण्णा — माझे थोरले भाऊ — व्हाइटफील्डला मुलाकडे, प्रसादकडे राहायचे. तिथल्या सोसायटीच्या क्लबहाउसात सॉना आहे. लाकडी खोली, आत तापलेली हवा, आणि माणसं हौसेनं घाम गाळत बसतात! अण्णांना त्याचं भारी वेड. नियम एकच, पण कडक: एकट्यानं जायचं नाही. सोबत्यानं रजिस्टरात सही करायची आणि बाहेर काचेच्या दारापाशी खुर्चीवर बसायचं. का, तर उष्णतेनं रक्तदाब उतरतो, घेरी येते, आणि आत पडलेल्याला दार ढकलायचंही त्राण उरत नाही. अण्णांना तर बीपीची गोळी चालू होती. प्रसाद ऑफिसला असायचा, म्हणून गुरुवारी सोबतीला मी — शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जे. पी. नगरहून ट्रॅफिक तुडवत यायचो.

त्या गुरुवारीही सही केली. "स्वल्प बस रे, आलोच," म्हणून अण्णा आत गेले. आणि मी — बसलो नाही. कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही, शोधूही नका. खाली कॉफी प्यायला गेलो. एक ओळखीचे गृहस्थ भेटले, पाणीटंचाईवरून वाद रंगला, तो मी जिंकलोसुद्धा. वर आलो तेव्हा अण्णा दाराकडे हात करून खाली पडले होते.

एवढ्यावर थांबलो असतो, तर कदाचित पूर्वीच बोललो असतो. पण अण्णांचे नेहमीचे डॉक्टर आले. मृत्यूचं कारण नक्की सांगता येत नाही, म्हणाले, पोलिसांना कळवून पोस्टमॉर्टेम करावं लागेल. भाऊ समोर निजलेला — आणि माझ्या मनात काय यावं? उष्णतेनं गेले असं निघालं, तर बाहेर कोण होतं हे विचारतील. म्हणून मी सांगितलं, दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होते. डावा हातही. धादांत खोटं! डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर हृदयविकाराचा झटका लिहिला. आलेगेले म्हणाले, निदान भाऊ तरी जवळ होता. मी मान डोलावली.

प्रसादनं बॅडमिंटन सोडलं. दर सहा महिन्यांनी हृदयाच्या तपासण्या. घराण्यातला रोग म्हणून घाबरला असेल, असं मला वाटायचं. तपासण्या केलेल्या काय वाईट? — अशी माझी मीच समजूत घालायचो. आणि सॉना चालूच राहिला. दोष हृदयावर गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार? गेल्या रविवारी आमच्याकडे चहा घेताना प्रसाद म्हणाला, सगळे रिपोर्ट चांगले आलेत, उद्यापासून मीही सॉनात जातो. एकटाच, सोबत्याची सही मीच ठोकतो, सगळे तेच करतात.

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. सही, कॉफी, डॉक्टर — सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"म्हणजे काका, ते दोन दिवस बाबांना काहीच दुखत नव्हतं?"

"नाही रे. काहीच नाही."

तो रडायला लागला. एका घरात राहून बाबांचं दुखणं मला दिसलं नाही, मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही — हे तो चार वर्षं स्वतःला ऐकवत होता. नुसती रोगाची भीती नव्हतीच ती. हे मला कधी सुचलंसुद्धा नाही.

अण्णा नेमके कशानं गेले, ते आता कधीच कळणार नाही. ती वाट मीच बंद केली. प्रसाद एकट्यानं सॉनात जाणार नाही, एवढं बोलला आणि उठला. निघताना तो नेहमी वाकून नमस्कार करतो. त्या दिवशी केला नाही. मला खरंच बरं वाटलं — चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पुरतं ओळखून माझ्याशी वागलं होतं.