पेन्सिलीने लिहिलेला शब्द

दादाला जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना त्याचा एक किस्सा आमच्याकडे ठेवून जातो. छत्री विसरून जावं तसा! हैदराबादेतल्या अंबरपेठच्या आमच्या दोन खोल्यांत आता माणसांपेक्षा किस्सेच जास्त झालेत. काही माझेही आहेत. ते अजून कुणाला सांगितले नव्हते.

* * *

दादा लिफ्टचा मिस्त्री. गौलीगुड्यातल्या एका कंपनीत चौदा वर्षं होता. चालत्या लिफ्टच्या दाराला कान लावायचा आणि सांगायचा, "वरच्या चाकाचं बेअरिंग गेलंय." अवजारांची पेटी नंतर उघडायची! बरोबरीचे वहीदभाई त्याला डॉक्टरच म्हणायचे. एकदा एका बिल्डिंगमधल्या म्हातारीने ते ऐकलं आणि गुडघा पुढे केला.

"डॉक्टरसाब, ये भी देखो. चढतेच कट-कट बोलरा."

दादाने खरंच वाकून ऐकलं. म्हणाला, "अम्मा, इसको ऑइल नक्को, आराम होना!"

* * *

कंपनीतून तो बाहेर पडला, तो किस्साही असाच. एका लिफ्टची तार झिजली होती. कंपनीचे सेठ म्हणाले, "ओके लिख दे, अगले महीने देखेंगे."

दादा म्हणाला, "सेठ, पहले आप इसमें बैठके ऊपर जाओ. फिर मैं लिखतूँ."

सेठ जिन्याने गेले!

त्याच आठवड्यात दादाने राजीनामा दिला. तेव्हा सेठनी कपाटातून त्याचा जुना बाँड काढला. स्टॅम्प पेपर, खाली दादाची सही. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं हैदराबादेत लिफ्टचं काम करायचं नाही. कुणाकडे नाही, स्वतःचंही नाही. चौदा वर्षांपूर्वी सही करताना दादाला वाटलं होतं, हा हजेरीचा कागद आहे.

* * *

आता माझा किस्सा.

अंबरपेठमधलीच दुसरी कंपनी दादाला घ्यायला तयार होती. वहीदभाई बाँडची झेरॉक्स ओळखीच्या वकिलाकडे देऊन आले. संध्याकाळी कागद परत आला. त्या कलमाशेजारी पेन्सिलीने इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. वहीदभाईंना फक्त उर्दू वाचता येते. दादा चौथीपर्यंत शिकलेला. मी आठवी नापास, म्हणजे घरातला शिकलेला मीच!

"गण्या, वाच जरा. वकीलसाहेब काय म्हणतात?"

शब्दाच्या आधी बाणासारखी टोकदार खूण होती. मला ती 'ए' वाटली. मी थांबलो नाही, कुणाला विचारलं नाही. ऐटीत सांगितलं, "अवॉइड लिहिलंय. म्हणजे टाळ. हात लावलास तर जेल होईल."

दादा म्हणाला, "हौ. स्टॅम्प पेपर आहे बाबा."

नव्या कंपनीला त्याने दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं.

* * *

मग तो बेगम बाजारात एका मसाल्याच्या गोदामात लागला. मिरचीची पोती चढवायचं काम, चार मजले. मालाची लिफ्ट होती, पण दादा पोतं घेऊन जिन्याने जायचा. सगळे हसायचे. एकदा त्याने मला विचारलं, "लिफ्टमध्ये नुसतं बसलं, तर ते काम होतं का रे?"

मी मोबाइल बघत होतो. म्हणालो, "अवॉइड म्हणजे अवॉइड, दादा!"

अडीच वर्षं तो जिने चढला. एका दुपारी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पायरीवर बसला. उठला नाही.

* * *

तेराव्यानंतर मी तो कागद घेऊन कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेलो. मला सेठला कोर्टात खेचायचं होतं. बाईंनी चष्मा वर केला.

"नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नका, हे चालतं. कंपनीची गुपितं बाहेर नेऊ नका, हेही चालतं. पण नोकरी सोडल्यावर आपला धंदाच करू नका, असं आपल्या कायद्यात बांधता येत नाही. स्टॅम्प पेपरवर लिहिलं तरी नाही. हे तर इथे कुणीतरी आधीच लिहून दिलंय की!"

त्यांनी पेन्सिलीच्या शब्दावर बोट ठेवलं. "व्हॉइड. म्हणजे रद्द. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही?"

मी म्हणालो, "दाखवलं."

* * *

आणि हा शेवटचा. दादा जायच्या साधारण महिनाभर आधीचा.

गोदामाच्या लिफ्टची देखभाल सेठच्याच कंपनीकडे होती. एक दिवस सेठ मालकांना भेटायला आले आणि लिफ्ट मध्येच अडकली. आत सेठ एकटेच! मिस्त्री ट्रॅफिकमध्ये. मी दादाचा डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा दादा दाराला कान लावून उभा होता. हात मात्र पाठीमागे बांधलेले.

"सुधाकर, तू है क्या? खोल रे!"

"नक्को सेठ. बाँड है ना."

"अरे, मैं बोलरूँ ना!"

"लिख के दो."

जरा वेळाने दाराच्या फटीतून व्हिजिटिंग कार्ड बाहेर आलं. मागे इंग्रजीत लिहिलेलं. दादाने माझ्याकडे दिलं. "वाच."

"अलाउड. ओन्ली टुडे." हे मात्र मी बरोबर वाचलं.

दादाने शर्ट काढून माझ्याकडे दिला आणि वर मशीनच्या खोलीत गेला. दहा मिनिटांत लिफ्ट खाली आली. सेठ तडक गाडीत बसले. दादा मात्र संध्याकाळपर्यंत वरच होता. सगळं साफ केलं, ऑइल दिलं.

घरी आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. वहिनीने साबण पुढे केला. त्याने घेतला नाही. हात तसेच काळे ठेवून जेवायला पाटावर बसला आणि म्हणाला, "आज मला चमचा दे."