दामे

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत एक साहेब क्यूबाहून परतले. गेले होते साखर कारखान्याची मशिनं बसवायला, आले नाच घेऊन! जोडप्यांनी गोल करायचा, साहेब ओरडणार "दामे!", की प्रत्येक पुरुषानं आपली बायको सोडून शेजारची धरायची. कंपनीच्या स्नेहसंमेलनात हा नाच झालाच पाहिजे, असा हुकूम सुटला.

दांडियात निदान टिपऱ्या तरी मध्ये असतात. इथं थेट हातात हात! मी घरी सरळ सांगितलं, मला हे जमायचं नाही. तर आमचे हे म्हणतात, "साहेबांना नाही कसं म्हणणार? माझ्या बढतीचं बघायचंय ना?" वाघ हो आमचे! आमटी खारट झाली की घरात डरकाळी, साहेबांपुढे शेळी.

शेवटी बायकांनीच तोडगा काढला. आपल्या नवऱ्याचा हात धरायचा, परक्याच्या हाती फक्त रुमालाचं टोक द्यायचं. मग काय विचारता! कुणाच्या पायाला कुणाचा मेळ नाही, आणि मध्ये लोंबणारे रुमाल. "दामे!" आलं की अकाउंटंटची बायको हमखास म्हणायची, "छे, दमले कुठं!" म्हणे लॅटिन नाच! डोंबल!

एका तालमीला कुणाचा तरी पाय मुरगळला, म्हणून साहेब स्वतः गोलात शिरले. माझ्यासमोर येताच "वहिनी, एवढं सोवळं कशाला?" म्हणत त्यांनी माझा रुमाल ओढून खाली टाकला आणि हात धरला. चांगला घट्ट. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं, आणि मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत नाचत राहिले. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मी हात हिसडून घेतला. "साहेब, ह्या दामेचा अर्थ काय हो?"

"मला दे," साहेब हसत म्हणाले.

"आणि देणार कोण?"

टेप वाजतच होती. मी रुमाल उचलला, झटकला आणि ह्यांच्या हातात कोंबला. "ठेवा तुमच्याकडेच. कधी लाज वाटलीच, तर तोंड झाकायला होईल."

मी चपला घालत होते, तोवर साहेब पुन्हा ओरडले, "दामे!" दारातून वळून पाहिलं. आमचे हे त्याच रुमालाचं टोक शेजारणीपुढे धरून नाचत होते.