थांबलेला आकडा
ओल्या मेथीचा वास आला की मला पिपरी मेघेचं घर आणि मी स्वतः कोड लिहून उभा केलेला ब्लॉग आठवतो. अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर कोंबणाऱ्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तो सारखा बंद पडायचा, म्हणून दर वेळी डेटाबेस न धुंडाळता तयार पानच दाखवायची सोय मी केली. ब्लॉग पळू लागला, पण पानावरचा वाचकांचा आकडा जागच्या जागी अडकला, कारण तयार पान दाखवताना तो मोजणारा कोड चालतच नव्हता. बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ओल्या बोटानं फोन दाबत बाबा म्हणाले, "आकडा काऊन वाढून नाई राह्यला रे? सकाळपासून उघडून राह्यलो." "तुम्ही? कायले?" "तुले वाटावं, लोक वाचून राह्यले." त्यांचा आकडा वाढावा म्हणून मी गुपचूप ती सोय काढून टाकली. आता चांगल्या सर्व्हरवर माझी पानं क्षणात उघडतात, पण सकाळपासून उघडत बसायला बाबा नाहीत.