मागच्या दाराचा माणूस

कुलूपवाल्याच्या हाताला यश होतं. गंजलेलं कपाट असो की किल्ली आत राहून बंद झालेलं घर, तो दोन-चार मिनिटं दाराला कान लावून बसायचा आणि काम फत्ते व्हायचं.

सव्वीस वर्षांचा असताना त्याला एका सिनेमाच्या सेटवर बोलावलं. गोष्ट गुंडांच्या टोळीची होती आणि म्होरक्याच्या बंगल्याचं मागचं दार ऐनवेळी अडून बसलं होतं. ते त्यानं उघडलं. दिग्दर्शकाला त्याचा शांत चेहरा इतका आवडला की म्होरक्याला दगा देणारा नोकर म्हणून त्यालाच उभं केलं. मारेकऱ्यांना आत घ्यायचं आणि म्हणायचं, "मागचं दार उघडं आहे," एवढंच काम.

सिनेमा वर्षभर चालला. वाक्य त्याहून पुढे गेलं. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याच्या व्यंगचित्राखाली ते आलं, मग साबणाच्या जाहिरातीत आलं. शाळेत चुगलखोर पोरांना 'मागचं दार' म्हणू लागले. पुढे तर टीशर्टांवर छापलं, आणि ते घालणाऱ्या निम्म्या पोरांनी सिनेमा पाहिलेलाही नव्हता.

लोकांची करमणूक झाली, कुलूपवाल्याच्या मात्र पोटावर पाय आला. गिऱ्हाईक हसत हसतच सांगायचं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कशा देणार बाबा? आणि पुढच्या गल्लीतल्या दुकानात जायचं. सासऱ्यांनीसुद्धा नवं कुलूप बसवायला दुसऱ्याला बोलावलं. बायकोनं त्यावरून महिनाभर माहेरी पाऊल टाकलं नाही. तो तिचीच समजूत काढत राहिला, की त्यांचं काय चुकलं, माझं तोंडच तसं निघालं.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई एका सकाळी दुकानात आल्या. चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर बाईंनी घराची किल्ली काउंटरवर ठेवली आणि सांगितलं, की मी लेकीकडे चालले, परत येईपर्यंत ही तुझ्याकडे राहू दे. तीस वर्षं पोरांना ओळखण्यात गेलेल्या बाईंचा शब्द लोकांनी मानला. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. वाक्य तेवढं चिकटून राहिलं, ते त्यानंही चालवून घेतलं.

साठी उलटल्यावर एका दुपारी फोन आला. एका बाईंचे वडील सकाळपासून आतून कडी लावून बसले होते. तो पत्ता शोधत गेला आणि भिंतीवरचे फोटो पाहून जागीच थांबला. हे म्होरक्याचं काम करणाऱ्या नटाचं घर होतं. लेकीनं हळू आवाजात सांगितलं, की बाबांची स्मृती गेली आहे, मला ओळखत नाहीत. मारेकरी आलेत म्हणून दार उघडत नाहीत.

कडी काढणं पाच मिनिटांचं काम होतं. त्यानं पेटी उघडलीही. पहिला खटका वाजला तसा आतून घाबरा आवाज आला, "कोण आहे?"

त्यानं पेचकस खाली ठेवला आणि दाराला टेकून जमिनीवर बसला. खोटं सांगावंसं त्याला वाटेना.

"कुलूपवाला," तो म्हणाला. "सिनेमात तुम्हाला दगा दिला होता, तोच मी."

लेकीनं कपाळाला हात लावला.

"मला मारायला दोन टेक लागले तुला," आतून आवाज आला. "पहिल्या टेकला कुलूप अडकलं."

"किल्ली उलटी घातली होती. घाबरलो होतो."

"मला वाटलं, मीच घाबरलोय."

म्हातारा हसला आणि कडी निघाली. त्यानं कुलूपवाल्याचा हात धरून त्याला पलंगावर बसवलं. लेकीकडे पाहून विचारलं, की या बाई कोण? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कुलूपवाला म्हणाला, "घरच्याच आहेत. चहा करतील आपल्याला." चहा झाला. त्यानं कडी काढून बाहेरूनही उघडेल असा बोल्ट बसवला आणि तिला तो कसा फिरवायचा ते दाखवलं.

पुढे वर्षभर तो आठवड्यातून एकदा तिकडे जायचा. म्हातारा कधी त्याला ओळखायचा, कधी डॉक्टर समजून जीभ बाहेर काढायचा. तसं झालं की कुलूपवाला ती नीट पाहायचा आणि तब्येत छान आहे म्हणून सांगायचा.