मनोहर पेंटरचं फुकट अक्षर

मनोहर पेंटर पाटीवर कधीच सही करत नसत. बालाघाटच्या बाजारात त्याची गरजही नव्हती. जुन्या सिनेमाच्या जाहिरातीत असायचं तसं लपेटदार ब्रशचं अक्षर, शिरोरेघ शेवटी किंचित उडालेली. शाळकरी पोरंही ओळखत.

त्या अक्षरानंच त्यांना अडकवलं. वैनगंगेतल्या रेतीउपशाविरुद्ध आमच्या संघटनेनं त्यांच्याकडून भिंती रंगवून घेतल्या. पोलिसांनी अक्षर पाहून थेट त्यांचं घर गाठलं. दोन दिवस ठाण्यात बसवूनही त्यांनी आमचं एकही नाव सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला, ब्रशनं काढलेलं एकेक अक्षर स्कॅन केलं आणि फॉन्ट बनवला. सीडी भरून वारासिवनी-परसवाड्यापर्यंतच्या छापखान्यांत वाटला. फुकट! मी तेव्हा चोवीस वर्षांची. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे कोणाचा हात आहे, हे शोधणं मी कर्तव्य मानत होते.

"काका, फुकट काहून?"

"तू काय पत्रकं इकतं वं?" ब्रश पुसत ते म्हणाले.

मग रेती ठेकेदाराच्या वाढदिवसाचा बॅनर काकांच्या दुकानासमोरच्या चौकात त्याच अक्षरात झळकला. मी तडक गेले.

"ठेकेदारालेही देलं?"

"हौ. त्याच्या बायकोले तं लय आवडलं म्हणे."

मी बैठकीत त्यांना फितूर म्हटलं. त्यांच्याशी संबंध तोडण्याचा ठराव मीच मांडला, मंजूर करून घेतला. रस्त्यात भेटले की काका विचारत, "ठराव छापला का वं? माह्याच अक्षरात छाप, चांगला दिसन."

आमचं पुढचं पत्रक खरंच त्या अक्षरात निघालं. छापखान्यात दुसरं चांगलं अक्षर उरलंच नव्हतं. पत्रक कोणी काढलं हे शोधत ठाणेदार काकांच्या दुकानात आले. मी समोरच्या टपरीवर होते.

"ये तुम्हारी लिखावट है?"

"हौ साहेब. वो बॅनर भी मेरी, वो लग्नाच्या मंडपाची पाटी भी मेरी. और आपके थाने का नया बोर्ड भी."

ठाणेदारांनी बॅनरकडे पाहिलं, पत्रक खिशात कोंबलं आणि निघून गेले.

मी रस्ता ओलांडला. "काका, अक्षर याच्यासाठी वाटलं, हे मले आधी काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं, तं तुनं त्याचंही पत्रक काढलं असतं."

काढलंच असतं. काका वारल्यावर, आज पहिल्यांदा हे लिहिते आहे.